नागपूरहून कोस्ट टू कोस्ट: दोन दिवसांच्या शर्यतीची तयारी कुठून सुरू करायची

नागपुरात लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांची आता वानवा नाही. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, एकट्याने पूर्ण केली, आणि पहाटे पाचला वर्धा रोडवर दिवे लावून निघालेल्या सायकली बघून आज कुणी थांबत नाही. धावणारेही भरपूर आहेत. त्यामुळे धावणं, सायकल आणि कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) अशी दोन दिवसांची शर्यत करायचं मनात आलं की आपल्याकडचा माणूस आधी पायांचा विचार करतो. मीही तोच केला. पहिले पाच महिने मी फक्त किलोमीटर वाढवत बसले, आणि शेवटी अडचण आली ती पाण्याची आणि थंडीची. तुमचे ते पाच महिने वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी केली ती शर्यत न्यूझीलंडची, कोस्ट टू कोस्ट. रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कुमारा बीचला टास्मान समुद्राच्या काठी सुरू होते आणि डोंगररांग ओलांडून पूर्वेला क्राइस्टचर्चच्या न्यू ब्रायटन किनाऱ्यावर, पॅसिफिकपाशी संपते. एकूण २४३ किलोमीटर. तेच अंतर एका दिवसात करणारेही असतात, पण नवख्यांनी दोन दिवसांच्या गटातच नाव द्यावं.

१. आधी मार्ग पाठ करा

पहिला दिवस: किनाऱ्यापासून सायकलींपर्यंत २.२ किमी धाव, मग ५५ किमी सायकल, मग गोट पास नावाची खिंड ओलांडून ३०.५ किमी डोंगरी धाव. मुक्काम क्लोंडाइक कॉर्नरला, तंबूत.

दुसरा दिवस: १५ किमी सायकल, वायमाकारिरी नदीतून ७० किमी कयाक, आणि शेवटी समुद्रापर्यंत ७० किमी सायकल.

हा कागद फ्रिजवर चिकटवा आणि प्रत्येक टप्प्यासमोर तुम्हाला लागतील तेवढे तास लिहा. सायकलीचे तिन्ही टप्पे मिळून १४० किमी होतात. ज्याने २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकल फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत केली आहे, त्याला हे अंतर जड नाही. उरतात खिंड आणि नदी, आणि तुमच्या तयारीचा दोन तृतीयांश वेळ त्यांनाच द्यायचा आहे.

२. कयाक पहिल्या महिन्यापासून

शर्यतीत कयाक चालवायला वाहत्या पाण्यातलं ग्रेड दोनचं, म्हणजे सोप्या खळाळांचं, प्रमाणपत्र लागतं. ते हातात नसेल तर तुमची बाकी तयारी कितीही पक्की असो, नदीत उतरता येत नाही. म्हणून कयाक शिकणं हे पहिलं काम.

नागपुरात वाहतं पाणी नाही, पण वल्हं मारायला स्थिर पाणी आहे. मी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर शिकले. तिथे नौकाविहार चालतो. तो चालवणाऱ्यांशी आधी बोला, रीतसर परवानगी घ्या, लाइफ जॅकेट घाला आणि काठावर एक माणूस ठेवा. आपल्या मनाने कुठल्याही धरणात कयाक उतरवू नका. पेंचचा जलाशय नकाशावर फार मोहक दिसतो, पण तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. आम्ही तिघांनी मिळून एक जुनी प्लास्टिकची कयाक गोव्याहून ट्रकने मागवली होती. ती जड होती, संथ होती, आणि शिकायला तीच बरी होती.

स्थिर पाण्यावर शिकायची गोष्ट एकच: वल्हं हाताने मारायचं नाही, कमरेपासून धड वळवून मारायचं. पहिल्या महिन्यात माझे दंड भरून यायचे. ते भरून येणं थांबलं, पोटाच्या कडेचे स्नायू दुखायला लागले, तेव्हा शिकवणारे म्हणाले, "आता जमतंय." सत्तर किलोमीटर दंडांच्या जोरावर कुणाचेच होत नाहीत.

दुसरं, उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडणं. बसायच्या जागेभोवती रबरी आवरण ताणून बसवलेलं असतं, त्याला स्प्रे डेक म्हणतात. उलटं झाल्यावर पाण्याखाली डोकं असताना पुढची पट्टी शोधायची, ओढायची, मग पाय सोडवायचे. हे तरण तलावात, शेजारी माणूस उभा करून, डोळे मिटून वीस वेळा करा. दहाव्या वेळेपर्यंत भीती वाटते, पुढे हात आपोआप पट्टीवर जातो.

वाहत्या पाण्यासाठी बाहेर जावंच लागतं. आपल्या राज्यात कोलाडला कुंडलिका आहे. तिथे धरणातून पाणी सोडलं की सकाळी काही तास नदी खळाळते. मी ऋषिकेशला गेले, कारण तिथे कयाक शिकवणारे बरेच आहेत. पावसाळ्यात गंगेवरचं हे सगळं बंद असतं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरची तिकिटं आधीच काढा. प्रमाणपत्र मात्र मी न्यूझीलंडला जाऊन घेतलं. क्राइस्टचर्चच्या आसपास या शर्यतीसाठीच चालणारे काही दिवसांचे वर्ग असतात. तुम्हीही तेच करा, म्हणजे प्रमाणपत्राबरोबर खुद्द त्या नदीचीही ओळख होते.

ती ओळख का हवी, ते सांगते. मुख्य धार आणि काठाशी थबकलेलं पाणी यांच्यामध्ये एक रेघ असते. जवळून पाहिली तर ती स्पष्ट दिसते: एका बाजूचं पाणी खाली धावतंय, दुसऱ्या बाजूचं उलटं वर सरकतंय, आणि मधे बारीक भोवरे फिरताहेत. थबकलेल्या पाण्यातून धारेत शिरताना प्रवाह जिकडे चालला आहे तिकडे अंग कलतं करायचं. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी मला ते तोंडपाठ होतं. पण धारेने कयाकचं नाक ओढलं तशी मी घाबरून विरुद्ध बाजूला कलले आणि क्षणात उलटले. पाणी इतकं गार होतं की छातीतून श्वासच निघेना. पट्टी सापडली, बाहेर आले, कयाक धरून काठाला लागले. हे सगळं मिनिटाभराचं, पण हात वीस मिनिटं थरथरत होते. शर्यतीआधी हे घडलं याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

वायमाकारिरी वेणीसारखी नदी आहे. गोट्यांच्या विस्तीर्ण पात्रात तिच्या पाच-सहा धारा होतात, पुन्हा एक होतात. मधे उंच कड्यांची घळ लागते, तिथे पाणी जोर धरतं. वेण्यांच्या भागात कुठली धार धरायची याचा साधा नियम: जिच्यात जास्त पाणी जातंय ती. जवळची, सरळ दिसणारी धार बऱ्याचदा पुढे उथळ होते आणि कयाक गोट्यांवर रुतते. मग उतरा, ओढा, पुन्हा बसा.

इथला सर्वात मोठा सापळा म्हणजे वेगवान कयाक. शर्यतीच्या कयाक लांब आणि अरुंद असतात. जितकी अरुंद तितकी वेगवान, आणि तितकीच डुगडुगती. भाड्याने देणारे विचारतात, "किती अनुभव आहे?" खरं सांगा. माझ्या वर्गातल्या एकाने वेगवान कयाक घेतली आणि तो दर थोड्या वेळाने पाण्यात जात होता. स्थिर कयाकमधून मी त्याच्या कितीतरी आधी पोचले.

३. डोंगर आणि दगड

नागपूर सपाट. सेमिनरी हिल्सच्या चढावर कितीही फेऱ्या मारल्या तरी गोट पासची तयारी होत नाही, कारण तिथला प्रश्न चढाचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे. खिंडीची उंची १०७० मीटर, म्हणजे चिखलदऱ्याएवढीच. पण तिथे पोचायची वाट डिसेप्शन नदीच्या पात्रातून जाते. टरबुजापासून ते मोटारीएवढे दगड, आणि गुडघा-मांडीएवढ्या पाण्यातून पुन्हा पुन्हा नदी ओलांडणं. धावता येतं असे तुकडे थोडेच. बाकी सगळं एका दगडावरून दुसऱ्यावर.

मी काय केलं: दर रविवारी रामटेकला सायकलने जायचं, गडाच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, आणि सायकलने परत. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात आणि दमलेल्या पायांनी चढायची सवय लागते. महिन्यातून एकदा चिखलदरा किंवा पचमढी. मेळघाटात आणि सातपुड्यात वनखात्याने मोकळ्या ठेवलेल्या वाटांवरच पळा. जंगलातल्या आडवाटा आपल्यासाठी नाहीत.

दगडांसाठी कोरडा नाला शोधा. गोट्यांवरून अर्धा तास, आधी चालत, मग हळू पळत. नजर पायाखाली न ठेवता तीन-चार दगड पुढे ठेवायची.

आणि ओल्या बुटांनी पळा. पावसाळा आपल्याकडे फुकट मिळतो, तो वापरा. कोरड्या पायांवर कधीच न येणारे फोड ओल्या मोज्यांत दहा किलोमीटरला येतात. कुठले मोजे, कुठले बूट, लेस कशी बांधायची हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये ठरून जातं.

नदी ओलांडताना एकटं जाऊ नका. शेजारच्या स्पर्धकाच्या पाठीवरच्या पिशवीचे पट्टे धरून दोघांनी-तिघांनी मिळून पलीकडे जायची रीत आहे. कुणी अनोळखी माणूस तुमचा हात मागेल, लगेच द्या. पाऊस होऊन नद्या चढल्या तर आयोजक हा टप्पा रद्द करून रस्त्याच्या मार्गाने धाव घेतात. त्यासाठी रस्त्यावर पळायचे साधे बूटही सोबत ठेवा.

४. सायकल

इथे थोडक्यात सांगते. अंतर तुम्हाला जमेलच. शिकायचं ते घोळक्यात चालवायला. या शर्यतीत पुढच्याच्या मागे वारा चुकवत जाणं चालतं. तुम्ही एकट्या पडलात तर तेच अंतर दुप्पट दमवतं. म्हणून पुढच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून, ब्रेकला हात न लावता वेग सांभाळण्याचा सराव आपल्या ग्रुपबरोबर वर्धा रोड किंवा काटोल रोडवर पहाटे करा. समृद्धी महामार्ग गुळगुळीत दिसला तरी तिथे सायकलला परवानगी नाही.

५. थंडीची तयारी

आपण बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसं. न्यूझीलंडचा फेब्रुवारी म्हणजे उन्हाळा, हे वाचून मी निर्धास्त झाले होते. खिंडीत ढग उतरले, पाऊस लागला, कमरेपर्यंत भिजलेली होते, आणि चिक्कीचं पाकीट फोडायला गेले तर बोटं वळेनात. दातांनी फोडायचा प्रयत्न केला, तेही जमेना. भूक होती, खाणं हातात होतं, आणि खाता येत नव्हतं. मागून आलेल्या एका बाईंनी न बोलता ते पाकीट फोडून दिलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: खाणं आधीच सोलून, तुकडे करून, बोटं न वाकवता उघडेल अशा पिशवीत ठेवा. हातमोजे बोटं चालत असतानाच चढवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नागपुरात पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा मुद्दाम ओला शर्ट घालून अर्धा तास चाला आणि त्याच हातांनी जॅकेटची चेन लावून बघा, शिट्टी काढून बघा. हा सराव सोबत कुणी असताना आणि घराजवळच करा. दात वाजायला लागले की थांबा.

६. सपोर्ट क्रू: माणसं निवडा, नाती नंतर

एकेरी स्पर्धकाला स्वतःची मदतनीस मंडळी आणि गाडी लागते. तुम्ही डोंगरातून जाता तेव्हा ते सायकल उचलून, आर्थर्स पासच्या रस्त्याने वळसा घेऊन पलीकडे पोचतात. दुसऱ्या दिवशी कयाक, सायकल, कोरडे कपडे, जेवण, सगळं योग्य जागी योग्य वेळी त्यांच्याच हातून होतं.

माझ्याबरोबर धाकटा भाऊ आणि भावजय होते. भाऊ उत्साही, पण कागद वाचायचा त्याला कंटाळा. भावजय शांत आणि याद्या करणारी. पहिल्या दिवशी भावाने गाडी घाईत भलत्याच वाहनतळावर लावली आणि मी सायकलवरून उतरले तेव्हा डोंगरासाठीचे बूट तिथे नव्हते. बारा मिनिटं मी अनवाणी उभी होते. रात्री तंबूत भावजय म्हणाली, "ताई, उद्याचं सगळं माझ्याकडे द्या. तुम्ही फक्त झोपा." दुसऱ्या दिवशी एक चमचासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. तुमच्या घरातही अशी व्यक्ती असेल, तिला आधी विचारा.

क्रूसाठी करायच्या गोष्टी:

- प्रत्येक टप्प्यासाठी वेगळ्या रंगाची पिशवी, आत काय आहे त्याची मराठीत यादी वर चिकटवलेली.
- शर्यतीच्या दोन दिवस आधी सगळ्या थांब्यांवर गाडीने एकदा जाऊन येणं. राज्य महामार्ग ७३ डोंगरातला आहे, अरुंद पूलही लागतात. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने.
- कयाक गाडीच्या टपावर बांधायचा सराव. पट्टे कमी ताणले तर ती वाऱ्याने हलते, जास्त ताणले तर तिला तडा जातो.
- डास-माश्यांचं मलम. पश्चिम किनाऱ्यावरच्या सँडफ्लाय माश्या फार चावतात.

७. कागदपत्रं

व्हिसाला वेळ लागतो. प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात ऑनलाइन अर्ज करा, आणि क्रूच्या प्रत्येकाचा वेगळा करा.

- पासपोर्ट, परतीच्या तारखेपुढेही पुरेशी मुदत शिल्लक असलेला.
- शर्यतीच्या प्रवेशाची पावती.
- बँकेचं विवरण आणि आयकर विवरणपत्र. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर.
- नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र, किंवा धंद्याचे कागद.
- साहसी खेळ, हेलिकॉप्टरने सुटका आणि कयाक यांचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रवास विमा. साध्या विम्यात हे नसतं. पॉलिसीचं बारीक अक्षर वाचा.
- कयाक प्रमाणपत्र, किंवा वर्गात जागा घेतल्याची पावती.
- गाडी चालवणाऱ्याचा वाहन परवाना, इंग्रजीत.

८. सामान आणि विमानतळ

न्यूझीलंडमध्ये बाहेरून माती, बी, किडा येऊ नये म्हणून तपासणी फार कडक असते. बुटांच्या तळव्यातली माती, सायकलच्या टायरमध्ये अडकलेलं गवत, तंबूच्या खुंट्या, सगळं ब्रशने घासून, वाळवून न्या आणि "वापरलेलं साहित्य आहे" असं अर्जावर लिहा. खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा. जाहीर केली तर फार तर काढून घेतात, लपवली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध, मध घातलेली चिक्की, संत्री, तुपाचे लाडू घरीच ठेवा. मी गुळाची शेंगदाणा चिक्की आणि बंद पाकिटातले खजूर नेले, दोन्ही दाखवले, दोन्ही मिळाले.

शर्यतीचं सक्तीचं सामान आयोजक त्या वर्षाच्या नियमावलीत देतात, आणि ते तपासलं जातं. तीच यादी अखेरची. साधारण हे लागतंच:

- डोंगरासाठी: शिवणी बंद केलेलं पावसाळी जॅकेट, गरम आतले कपडे वरचे-खालचे, टोपी, हातमोजे, आपत्कालीन चादर, प्रथमोपचार.
- नदीसाठी: लाइफ जॅकेट, हेल्मेट, स्प्रे डेक, गरम बनियन, वारा अडवणारं जॅकेट, शिट्टी, आणि पाणी भरलं तरी कयाक तरंगेल अशा आतल्या हवेच्या पिशव्या.
- सायकलसाठी: हेल्मेट, दोन ट्यूब, पंप.

सुती कपडा एकही नको. ओला सुती शर्ट अंगातली ऊब शोषून घेतो. जॅकेट घेताना "वॉटरप्रूफ" एवढ्यावर जाऊ नका, आत उलटं करून शिवणींवर पट्टी आहे का बघा. माझं पहिलं जॅकेट याच कारणाने तपासणीत नाकारलं गेलं आणि ऐनवेळी तिथल्या किमतीला नवं घ्यावं लागलं.

९. पोचल्यावर

फेब्रुवारीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. पहाटे उठून शर्यत करायची म्हणजे शरीराला रात्री दहा-अकराला पळवायचं. निदान दहा-बारा दिवस आधी पोचा. त्यातले पहिले चार-पाच कयाक वर्गात जातील, एक दिवस खिंडीचा खालचा भाग बघण्यात, उरलेले झोप आणि सायकल जोडण्यात. ऊन कमी वाटलं तरी भाजून काढतं, मलम नाकाला आणि मानेला विसरू नका.

१०. ते दोन दिवस

पहिल्या दिवशी सगळे जोरात सुटतात. २.२ किलोमीटरच्या धावेत पुढे राहिलात तर सायकलचा चांगला घोळका मिळतो, म्हणून तेवढा जोर लावणं योग्य आहे. पण सायकलवर एकदा मागे चिकटलात की खायला सुरुवात करा. पुढे खिंडीत खाणं कठीण होतं.

क्लोंडाइक कॉर्नरला पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कोरडे कपडे, मग मीठ असलेलं गरम काहीतरी. भावजयीने छोट्या गॅसवर मुगाची पातळ खिचडी केली होती. मग ओले बूट मोकळे करून ठेवा आणि आडव्या व्हा. झोप लागली नाही तरी पाय उचलून पडून राहा.

नदीवर दर अर्ध्या तासाने पाणी आणि घास, घड्याळ लावून. मला नदीत सहा तास लागले. पाय तेवढा वेळ एकाच जागी असतात, त्यामुळे कयाकमधून उतरताना ते साथ देत नाहीत. काठावर उभ्या असलेल्या माणसाचा हात धरा, नाही म्हणू नका. शेवटच्या ७० किलोमीटरला पूर्वेचा वारा समोरून आला तर एकटं झुंजू नका, मागून येणाऱ्या घोळक्याची वाट बघून त्यात शिरा.

शेवटच्या पिशवीत क्रूकडे सैल चपला द्या, तुमच्या मापापेक्षा एक नंबर मोठ्या. किनाऱ्यावर पोचेपर्यंत पाय सुजलेले असतात आणि सायकलचे बूट काढले की पुन्हा चढत नाहीत. मी तशीच अनवाणी पाण्यापर्यंत गेले, आणि गाडीपर्यंत परत येताना भावाने त्याच्या चपला मला दिल्या.